माझ्या पाठीवरचा मलाकी

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. रस्त्यातला नव्हे, छापायचा. माझ्या पाठीवर तेलकट खडूनं चित्र काढायचं, पाणी फिरवायचं, शाई लावायची, वर कागद दाबायचा. झालं. एका चित्राचे हजारो कागद.

जर्मनीतल्या खाणीतनं निघालो नि बोटीतनं न्यूयॉर्कला आलो. आमचा मालक निवडणुकीत दोन्ही पक्षांची चित्रं छापायचा. सकाळी एका उमेदवाराला देव करायचं, दुपारी त्यालाच गाढव. लोक म्हणायचे, "काय रेघ उठलीय!" मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

मला उचलायचा, रगडून जुनं चित्र पुसायचा तो मलाकी. आयर्लंडातनं आलेला, बैलासारखा माणूस. एकदा मी त्याच्या हातातनं निसटलो नि त्याचं बोट चेचलं. कायमचं वाकडं झालं. चूक कुणाचीही असो, वजन माझं होतं.

त्या वर्षी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. मलाकीला नुकतीच नागरिकत्वाची कागदपत्रं मिळालेली, पहिलंच मत. एक दिवस आमचा चित्रकार थेअर म्हणाला, "मलाकी, जरा उभा राहतोस? मतदार काढायचाय. हात पुढं कर, मताची चिठ्ठी देताना करतात तसा."

गडी इतका खूश! धुतलेली कॉलर चढवून आला. शेजारच्या टेबलावर चित्रं रंगवणाऱ्या लेकीला ओरडून सांगितलं, "ऊना, तुझा बाप चित्रात!"

खडू माझ्या पाठीवर फिरत होता. मला कळत होतं काय चाललंय. जबडा माकडाचा झाला; तेव्हा आयर्लंडचा माणूस असाच काढायचे. पुढं केलेल्या हातासमोर दारूची बाटली आली. अरे मलाकी, पळ! पण दगडाला कुठली जीभ?

पहिला कागद निघाला. सगळे हसले. मलाकीही हसला, म्हणाला,

"कोण रे हा माकडतोंड्या? बाटलीला मत विकतोय बघ!"

मग त्याला ते वाकडं बोट दिसलं. कॉलर दिसली. तो हसायचा थांबला, बाकीचे नाही.

ऊनाकडं लाल रंग होता. टेबलावर एकेका बाईनं एकेक रंग भरायचा, असा रिवाज. तिनं झेंडे रंगवले, नाक तसंच ठेवलं. मुकादमीण ओरडली, "ए राणीसरकार, नाक राहिलं! दारूड्याचं नाक पांढरं असतं होय?" ऊनानं नाक रंगवलं. आठवडाभर तेच रंगवलं.

मतदानाच्या दिवशी मालकानं हुकूम सोडला, आता हे चित्र पुसा. मलाकीनं माझ्यावर ओली वाळू टाकली, वर दुसरा दगड ठेवला नि रगडायला लागला. दुपार झाली. ऊना आली.

"बाबा, वेळ संपेल. जा ना. हे उद्या रगड."

"न्हाव्याच्या दुकानात मतपेटी आहे, पोरी. त्याच्या खिडकीत हेच चित्र डकवलंय. आणि मी त्या चित्राच्याच बाजूला उभा राहून हात पुढं करू?"

"कर की! पाच वर्षं वाट बघितलीस."

"लोक हसतील."

"हसू देत मेले! आम्हा बायकांना मत असतं ना बाबा, तर मी तुझ्याकडं बघत बसले नसते. केव्हाच गेले असते."

तो रगडतच राहिला. मी मनात म्हटलं, आता मी कडक बनतो, वाळू चालू देत नाही, कंटाळून तरी उठेल. पण आमची जातच मऊ. नाक गेलं, जबडा गेला. वाकड्या बोटापाशी तो थांबला. "एवढं मात्र हुबेहूब काढलंय मेल्यानं," म्हणाला नि तेही घासून टाकलं.

बाहेर घंटा झाली. मतदान संपलं. मी कोरा झालो. न्हाव्याच्या खिडकीतलं चित्र तसंच होतं.

पुढं रगडून रगडून मी पातळ झालो. आता एका दुकानाची पायरी आहे. येणारे-जाणारे बूट पुसतात.

मित्रांनो, तुम्ही चित्रं काढाल, चित्रं बघाल. जरूर हसा. राजाला हसा, मालकाला हसा. पण हसायच्या आधी एकदा शेजारी बघा, तिथं कोण उभंय. मला मान वळवता येत नाही. तुम्हाला येते.