चिमणीचं बाळंतपण

साखळीच्या कडीत एक पांढरा केस अडकला होता. आखूड, मऊ, वातीतून सुटलेल्या धाग्यासारखा... ऋतुजाने नखाने ओढून पाहिला, निघेना. चिमणीने आपलं भलंमोठं डोकं तिच्या मांडीला टेकलं होतं, मांडवाच्या सावलीतही जीभ लोंबत होती. ग्रेट डेन जातीची कुत्री, शेपटापर्यंत बदामी, तोंड तेवढं काळं. असल्या कुत्रीच्या गळ्यातल्या साखळीत पांढरा केस आला कुठून, असं आता कुणी विचारलं तर—

कुणी विचारणार नव्हतं. स्पर्धा बघायला आलेली माणसं कुत्र्यांबरोबर फोटो काढण्यात गुंग होती. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन कडेच्या खुर्चीत बसल्या होत्या. चिमणी हे नाव ऋतुजाने ठेवलं तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, हिला दाणं न्हाय, पोतं लागतंय की.

आणि तेही त्याच म्हणाल्या होत्या... चिमणीला पिल्लं झाली तेव्हा ऋतुजा स्वतः ओली बाळंतीण होती, कानातला कापूस अजून निघाला नव्हता. तसंच डोकं बांधलेलं, तशीच ती कुत्रीच्या उशाशी बसली होती, आणि मग आईला फोन करून म्हणाली, आमची चिमणी बाळंत झाली. सासूबाईंना हसून हसून ठसका लागला. "येडी का गं तू? माणूस बाळंत हुतंय. जनावर वितंय."

मग घरात तोच खेळ. नवरा, युवराज, जाता-येता विचारायचा, बाळंतिणीला काजळ घातलं का, धुरी दिली का. ऋतुजाने शब्द सोडला नाही. आपल्या वाटीतली अळीवाची खीर ती बोटाने चिमणीला चाटवायची. दोघींची अंगं सारखीच ओली, सारखीच दुखरी, मग शब्द दोन कशाला?

पिल्लांची अंगं सुकली तसे डाग दिसले. छातीवर पांढरे, पायांत मोजे घातल्यासारखे पांढरे. चिमणीच्या रक्तात खोट आहे असं एकदा पसरलं की तिचं पिल्लू कुणी दारातसुद्धा घेणार नाही, युवराज हळू आवाजात म्हणाला, आणि डोळे नुकते उघडलेली ती सगळी एका टोपलीतून मैंदर्गीकडच्या एका मळ्यात गेली. टोपलीवर टाकायला फडकं सापडेना. ऋतुजानेच बाळाचं दुपटं दिलं. दूध आटवायच्या गोळ्याही तिनेच भाकरीत घालून चारल्या. चिमणी दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नव्हती.

"चल," युवराजने खूण केली. "विचारलं तर काय सांगायचं, ध्यानात हाय न्हवं?"

रिंगणात चिमणी नेहमी ऋतुजाबरोबरच चालायची. साखळी सैल सोडली तरी पावलाला पाऊल. लोक बघायचे... आणि ते बघणं ऋतुजाला आवडायचं, आजही आवडलं, याचीच तिला आता लाज वाटत होती. म्हाताऱ्या परीक्षकांनी चिमणीचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, मग पोटाखालून. हात थांबला.

"व्यालीय का ही?"

"नाही."

किती पटकन निघालं. अडखळलंसुद्धा नाही. मी खोटं कुठं बोलले, मी तर तो शब्द कधी मानलाच नव्हता... बाळंत झालीय का असं त्यांनी विचारलं असतं, तर जीभ उचलली असती का माझी?

तेवढ्यात कडेला बाळ रडलं. ऋतुजाने मान वळवायच्या आधी चिमणीची वळली. कान उभे, सगळं अंग त्या आवाजाकडे ताणलेलं. आणि ऋतुजाच्या पोलक्याच्या आत ओलं झालं. पान्हा. हा शब्द तर सासूबाई गाईलाही वापरतात, बाईलाही... तिने पदर ओढून घेतला. परीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं, आणि चिमणीच्या डोक्यावर थोपटून पुढच्या कुत्र्याकडे वळले.

पहिला नंबर चिमणीचाच आला.

सात रस्ता चौकाच्या गर्दीतून गाडी घराकडे आली तोवर युवराजचं सगळ्या ओळखीच्यांना फोन करून झालं होतं. चिमणी गळ्यातल्या फितीसकट थेट कोपऱ्यात गेली, जिथे तेव्हा पिल्लांसाठी पोतं अंथरलेलं होतं. नुसत्या फरशीवर कुशीवर लवंडली, आणि मागचा पाय जरा वर उचलून धरला. जागा करून दिल्यासारखी.

ऋतुजा बाळाला पाजायला बसली ती तिच्याकडे पाठ करून.

"पुढच्या माजाला बार्शीचा नर बघू," युवराज सांगत होता. "तिथनं एकदा नीट व्याली की मागचं काय ऱ्हात न्हाय बघ."

"व्याली म्हणू नका तिला."

सासूबाई हसल्या. युवराज हसला नाही. "बरं. मग काय म्हणू?" त्याने खरंच विचारलं.

ऋतुजाने तोंड उघडलं. शब्द होता तिथेच, किती दिवस वापरून मऊ झालेला. ओठाशी आला... आणि त्याच ओठांवरचं ते दुपारचं 'नाही' त्याला वाट देईना. बाळाने दूध तोडलं, तिच्या तोंडाकडे बघितलं. मागे फरशीवर चिमणीची शेपटी एकदा आपटली, नेहमीसारखी खुशीत.

ती वळली नाही. पण दुपारी रिंगणात ओढून घेतलेला तोच पदर, आता बाळावरचा, तिला कळायच्या आत, खांद्यावरून निसटला होता, आणि सावरायला हात उठत नव्हता.