सारखे तीन वाटे

आमचे बाबा औषधाच्या दुकानात कंपाउंडर होते. चिमूटभर पावडरसुद्धा काट्यावर तोलून पुडी बांधायचे, आणि तोच काटा घरातही चालवायचे. आम्हा तिघा भावंडांत कुणाला रतीभर जास्त मिळालं असं कधी झालं नाही. पंचविशी पूर्ण झाली की त्यांनी प्रत्येकाच्या हातावर सारखीच रक्कम ठेवली. दादाने तिच्यातून शहराबाहेर ओसाड माळावर जागा घेतली, तेव्हा सगळे त्याला हसले. आज तिथे चारपदरी रस्ता आहे आणि दादाची तीन घरं आहेत. धाकटा त्या पैशावर परदेशी शिकला आणि तिथलाच झाला. मी माझा वाटा नवऱ्याच्या दुकानात घातला. आधी दुकान बुडालं, मग नवरा एक दिवस बाहेर गेला तो गेलाच. पण वाटे सारखे होते, त्यात काही खोट नाही.

मुलीला घेऊन मी बाबांच्या दोन खोल्यांत परत आले. तळमजला, रस्त्याला लागून खिडकी. खिडकीशी शिलाईचं मशीन मांडलं आणि पँट आखूड करणं, चेन बदलणं, कंबर सैल करणं अशी कामं घ्यायला लागले. गिऱ्हाईक बाहेरूनच कपडे आत देतं. माणसं सुटतात आणि कंबरा वाढतात, तोवर माझं बरं चालणार होतं. मधली नऊ वर्षं बाबांना उठवणं-बसवणं, धुणं-पुसणं माझ्याकडेच होतं. त्याचा हिशेब कुठल्याच काट्यावर होत नाही.

शेवटच्या वर्षी बाबांनी एकदा मला जवळ बसवलं. म्हणाले, वकिलाला बोलाव, हे घर तुझ्या नावावर करतो. जन्मात पहिल्यांदा हा माणूस कमी-जास्त द्यायला निघाला होता. आणि मी नको म्हटलं. दोघे भाऊ म्हणतील, आजारी म्हाताऱ्याला हिने फितवलं. वहिनी म्हणेल, चार घास भरवले आणि घर गिळलं. मला कुणाच्या तोंडून ते ऐकायचं नव्हतं. मी ताठ मानेने सांगितलं, तिघांना सारखं करा. वकील आला, तसंच लिहून गेला, आणि मी त्या दिवशी स्वतःवर भलतीच खूश होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाबा गेल्यावर वाटणीचं निघालं. दोन महिने मी माझ्या तिसऱ्या हिश्शात बसेल अशी जागा शोधत फिरले. शहराच्या टोकाला, गटाराच्या काठाला, कुठेही एक खोली येईना. बँकेत कर्ज मागायला गेले तर तिथल्या बाईने पगाराची पावती मागितली. खिडकीतून पँटा घेणाऱ्या बाईला कोण पावती देतं? रात्र रात्र मला धडकी भरायची. पन्नाशीला मी मशीन उचलून कुठल्या रस्त्यावर मांडणार होते?

रविवारी दुपारी दादा आला, सोबत त्याचा मुलगा. माझा हा भाचा सव्वीस वर्षांचा, गोड स्वभावाचा, आत्या आत्या करत आला आणि आल्या आल्या टेप काढून भिंती मोजायला लागला. माझी मुलगी आतल्या दारात बसून बटणं लावत होती. कॉलेजच्या फीसाठी ती माझ्याबरोबर शिवते. दादाने नीट समजावून सांगितलं. घर बाहेरच्याला विकण्यापेक्षा तोच मुलासाठी घेणार होता. बाजारभावाने, धाकट्याचा आणि माझा हिस्सा रोख देऊन. धाकट्याने फोनवर होकार कळवला होता. आणि मला हलायची गरज नव्हती.

"आत्या, तू इथेच राहा," भाचा म्हणाला. "भाडं सगळ्यांपेक्षा कमीच लावू तुला."

कमी भाडं म्हणजे किती, ते त्याने सांगितलं. मी मनात भागाकार केला. माझा हिस्सा आज माझ्या हातात येणार होता आणि अकरा वर्षांत भाडं होऊन सगळाच्या सगळा त्यांच्याकडे परत जाणार होता. त्यानंतर मी एकसष्ट वर्षांची, मशीनवर वाकलेली, आणि घर त्यांचं. ह्यात कुणी कुणाला फसवलं नव्हतं. रागवायला एक माणूस सापडेना, तेव्हा माझी लाज गेली.

"दादा," मी म्हटलं, "बाबा हे घर मला देत होते. मीच नको म्हटलं."

मला वाटलं, तो चपापेल.

"माहीत आहे मला," दादा म्हणाला. "बाबांनीच सांगितलं होतं. तुझ्या मोठ्या मनाचं मी अजून घरी कौतुक करतो."

"मग आता मागते. तेव्हा चुकलं माझं. नावावर नको, हिस्सा नको, पैसेही नकोत. मरेपर्यंत फक्त राहू दे. पाया पडते तुझ्या."

मी खरोखरच वाकले. त्याने माझे खांदे धरले. त्याचे डोळे भरले होते, ते नाटक नव्हतं.

"तेव्हा ते बाबांचं होतं गं," तो म्हणाला. "आता ते आमचंही आहे. मलाही मुलगा आहे."

त्याने विक्रीचे आणि भाड्याचे कागद मशीनवर ठेवले आणि पेन माझ्या हातात दिलं. अनामत तीन महिन्यांची, ती माझ्या हिश्शातूनच वळती करू, म्हणजे मला त्रास नको, असंही तो म्हणाला.

बटणाचा डबा खाली ठेवून मुलगी उठली. मी नको म्हटल्याचं तिला मी कधी सांगितलं नव्हतं. ती रागावली नव्हती. मामाकडे तिने पाहिलंही नाही, भिंत मोजणाऱ्या मामेभावाकडे एकदा पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"आई, तुझं तू नको म्हणालीस, ते ठीक आहे," ती म्हणाली. "पण माझंही का नको म्हणालीस?"