धुरपताबाई समुद्रात उतरल्या

विशाखा मूळची जळकोटची. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकता शिकता ती पट्टीची पोहणारी झाली, आणि आता विशाखापट्टणमजवळ ऋषिकोंड्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना समुद्राखाली नेते. आई धुरपताबाई आणि वडील लिंबाजी पहिल्यांदाच तिच्याकडं आले होते.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना तोटलाकोंड्याला नेलं. समुद्राला लागूनच्या त्या डोंगरावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध विहाराचे अवशेष आहेत. धुरपताबाईंनी चपला काढल्या, स्तूपासमोर हात जोडून पंचशील म्हटलं. मग खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांपाशी येऊन त्या थांबल्या.

"हे पाणी कुणाकुणाला होतं गं?"

"भिक्खूंना, अन् वाटसरू येईल त्याला असणार, माय."

धुरपताबाई टाक्याच्या काठावर टेकल्या. "आमच्या गावच्या विहिरीत पोरं उड्या मारायची. आमाला पायरीवर पाय ठेवू देत नव्हते. लांबून बघायचो. पोहणं राहूनच गेलं."

खाली उन्हात समुद्र चमकत होता. त्या म्हणाल्या, "मला नेतीस का खाली?"

"येड लागलं का तुला?" लिंबाजी म्हणाले.

विशाखा हसली नाही. "डॉक्टरनं हाव म्हटलं तर नेते."

डॉक्टरांनी परवानगी दिली. कमरेएवढ्या पाण्यात सराव सुरू झाला. पहिल्याच बुडीत धुरपताबाईंच्या नाकातोंडात खारं पाणी गेलं. खोकून खोकून डोळे लाल झाले.

"राहू द्यायचं का, माय?"

"न्हाई. परत दाखव."

तोंडात नळी धरून संथ श्वास घ्यायचा, कान दडपले की नाक दाबून हवा फुंकायची, हे त्यांना हळूहळू जमलं. मग होडी आत गेली. पाठीवर सिलिंडर, अंगात काळा रबरी पोशाख. लेकीचा हात घट्ट धरून धुरपताबाई पाण्याखाली गेल्या.

लिंबाजी होडीच्या काठाला धरून वर येणारे बुडबुडे बघत राहिले. शेजारी बसलेल्या पर्यटकांचं बोलणं त्यांच्या कानावर पडत नव्हतं.

अखेर दोघी वर आल्या. धुरपताबाईंनी तोंडातली नळी काढली. त्या धापा टाकत होत्या, पण चेहरा उजळला होता.

"काय दिसलं?" लिंबाजींनी विचारलं.

"मासे लई होते, पिवळे अन् निळे. पण मी पोरीकडंच बघून राहिले. आपण घरात वावरतो तशी वावरते ती खाली. हातानं खुणावते, अन् मला भ्याव म्हणून वाटत न्हाई."

विशाखा मान वळवून सिलिंडरचे पट्टे सोडवू लागली.

किनाऱ्याला लागल्यावर ती म्हणाली, "माय, कपडे बदल, सर्दी होईल."

"थांब." धुरपताबाईंनी ओले केस मागं सारले, पाठ ताठ केली आणि लेकीला शेजारी ओढलं. "अहो, फोटो काढा आधी. ह्याच कपड्यात. गावाकडं माझ्या भैनीला, शिवकांताला आजच धाडायचाय."

लिंबाजींनी मोबाइल उचलला आणि मधे आलेल्या लोकांना म्हणाले, "जरा सरका हो, आमच्या मायलेकींचा फोटो घ्यायचाय."