तक्रार न करणारा हात

ताई कारखान्यात शिरली तेव्हा तिचा डावा हात आधीच टेबलावर येऊन बसला होता. पांढराशुभ्र, प्लास्टरचा, मनगटापासून वर सुजलेला, हुबेहूब तिचाच. त्याच्यावर नवी कोरी दाबाची बाही चढवलेली होती.

"साचा मापापुरता घेतला होतास ना?" तिनं विचारलं.

"मापापुरताच गं. पण तुला सारखे हेलपाटे कशाला?" छोटू म्हणाला.

छोटू म्हणजे तिचा धाकटा भाऊ; टक्कल पडलं तरी छोटूच. एरवी बनियनं विणणारा हा माणूस या धंद्यात पडला तो ताईपायी. छातीच्या ऑपरेशननंतर तिचा हात सुजायला लागला. सूज दाबून ठेवायला दवाखान्यानं दिलेली बाही अशी काचायची, की ताई ती फडक्यासारखी धरून बरण्यांची घट्ट झाकणं उघडायची आणि डॉक्टरांना 'रोज वापरते' असं अगदी खरं सांगायची.

मग छोटूनं विणलेली प्रत्येक बाही पहिल्यांदा तिच्या हातावर चढली. ही चावते, ही कोपरात गोळा होते, असं ती सांगायची आणि तो मुकाट्यानं उसवायचा. बाही उतरवली की तो अंगठ्यानं तिचा हात दाबून बघायचा. पडलेला खळगा भरून येईपर्यंत दोघं त्याच्याकडे टक लावून बसायची, दुधावर लक्ष ठेवावं तशी. लवकर भरला, तर सूज कमी.

"तू माझा उजवा हात आहेस," तो म्हणायचा.

"डावा," ती दुरुस्ती करायची.

शेवटी मऊ अस्तराची, शिवण बाहेर घेतलेली बाही जमली. अंगावर बाही आहे हे विसरून ताईनं तिच्यासकट भांडी घासली, तेव्हा छोटूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तीच बाही आता सैल पडली होती. तसलीच दुसरी न्यायला ती आली होती.

तिनं टेबलावरच्या बाहीत बोट घालून पाहिलं. अस्तर नव्हतं. शिवण आत होती.

"मोठ्या ऑर्डरीला तेवढं जमत नाही गं," छोटू म्हणाला. "पण रुग्णाच्या हातावर महिनाभर चाचणी घेतली. एक तक्रार नाही."

"कुठल्या रुग्णाच्या?"

छोटूनं टेबलाकडे पाहिलं. "हात तुझाच आहे ना, ताई."

खोक्यांवरही तसंच छापलेलं होतं: रुग्णाच्या हातावर तपासलेली, आरामदायी. भावानं हातावर तुरी दिल्या हे ताईला कळलं. कुठल्या हातावर, एवढंच उमगेना.

"मला एक जुन्यासारखी करून दे," ती म्हणाली. "माझ्यापुरती."

"ते अस्तराचं मशीन काढून टाकलं गं. ही घे ना. पहिली तुलाच."

मग कसंनुसं होऊन त्यानं तिची सैल बाही खाली सरकवली आणि जुन्या सवयीनं हातावर अंगठा दाबला. तेवढ्यात बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

"आलोच," म्हणून तो गेला.

ताई खळग्याकडे बघत बसली. समोरचा पांढरा हात गुळगुळीत होता. बाहेर ट्रक भरला, निघूनही गेला. खळगा अजून भरायचा होता.