पोटात रॉकेल गेलेला जॅक

मित्रांनो, मी एक जुना जॅक आहे. गाडी उचलणारा. माझ्या पोटात तेल असतं. दांडा मारला की ते दाबलं जातं आणि मला वर ढकलतं. आलो तेव्हा लालभडक होतो. आता रंग फक्त चाकांच्या फटीत उरलाय.

गॅरेजचे मिस्त्री माझे मालक. त्यांच्या हाताखाली मी अठ्ठावीस हिवाळे काढले. थंडीत माझं तेल काकवीसारखं घट्ट व्हायचं. मिस्त्री घाई करायचे नाहीत. आधी वीसेक वेळा रिकामाच दांडा मारायचे, तेल सैल करायचे, मगच मला गाडीखाली सरकवायचे. गॅरेज बंद करताना माझ्यावर स्वतःचा जुना स्वेटर टाकायचे. बायको म्हणायची, "मला कधी विचारलंत, थंडी वाजते का?" तू काय गाड्या उचलतेस, असं मिस्त्री म्हणाले की दुसऱ्या दिवशी डब्यातली भाजी हमखास अळणी. काय दिवस होते ते!

पुढे मिस्त्रींचे गुडघे गेले. ते स्टुलावर बसू लागले, काम मेहुण्याकडे आलं. मेहुणा वाईट नव्हता हो, धीर नव्हता त्याला. एका कडाक्याच्या सकाळी व्हॅनवाला डोक्यावर उभा, आणि मी काही वर येईना. मेहुण्याने गुपचूप माझ्या तेलात कपभर रॉकेल ओतलं. तेल पातळ झालं, मी सरसर वर गेलो.

"बघा दाजी, म्हातारा पळायला लागला." आणि त्या खुशीत गाडीला टेकू न लावताच तो खाली शिरला.

अकराच्या सुमारास ऊन शेडमध्ये आलं. तेल आणखी पातळ झालं, माझ्या रबरी कड्यांमधून पाझरू लागलं. मी खचू लागलो. केसभर, मग बोटभर. मेहुणा आपला शीळ घालत नट आवळतोय. मला ओरडता येत नव्हतं, मित्रांनो.

मिस्त्रींना रॉकेलचा वास आला. जमिनीवरचा ओघळ दिसला. ते स्टुलावरून उठले नाहीत, पडलेच, आणि तसंच सरपटत जाऊन त्यांनी शेजारचं सुटं चाक गाडीखाली ढकललं. व्हॅन त्यावर टेकली. मेहुणा बाहेर आला तो पांढराफटक.

मिस्त्री एवढंच म्हणाले, "तुझ्या ताईला काय तोंड दाखवलं असतं रे मी?"

रॉकेलने माझी रबरं खाल्ली. त्या मापाची आता मिळत नाहीत, म्हणून मी कोपऱ्यात असतो. तक्रार नाही माझी. एकच सांगतो. थंडीने आखडलेलं यंत्र असो की घरातलं म्हातारं माणूस, त्याला पळवायला जाऊ नका. जरा थांबा. ते आपल्या वेळेने उठतं, आणि उठलं की अख्खी गाडी उचलतं.