जा, पट्टी घेऊन ये

मी एक जुनी लाकडी पट्टी आहे, मित्रांनो. दप्तरात मावते तसली चिमुकली नव्हे हं. फळ्यावर रेघा मारायची, चांगली मीटरभर लांब, मधोमध धरायला मूठ असलेली. सध्या माझा मुक्काम सरकारी शाळेच्या ऑफिसात, दाराशेजारच्या खिळ्यावर. बाहेर पावलं वाजली की माझ्या अंगावर काटा येतो. का, ते सांगते.

एका सुताराने मला रंधा मारून घडवलं. माझ्या कडेवरून अंगठा फिरवत तो म्हणाला होता, "पोरांना कुठे कुसळ टोचायला नको." शाळेत आले ती भूमितीच्या बाईंच्या हाती. त्यांचे त्रिकोण फळ्यावर असे उतरायचे, की मागच्या बाकावरची उनाड मुलंही माना उंचावून बघायची. मी तर तेव्हा तोऱ्यातच असायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

बाई निवृत्त झाल्या आणि गप्प सर आले. हे नाव मुलांनीच ठेवलेलं, कारण सर कधी आवाज चढवत नसत. चुकलेल्या मुलाकडे बघून एवढंच म्हणत, "जा, पट्टी घेऊन ये." ज्याला मार बसायचा त्यानेच ऑफिसात येऊन मला न्यायचं, असा त्यांचा शिरस्ता. मला खिळ्यावरून काढून द्यायचं काम शिपाई मावशींचं. त्या मला फडक्याने पुसत आणि मुलाच्या हाती देत म्हणत, "जा बाळा, पटकन होऊन जाईल." मग लांबलचक व्हरांडा. मुलं पाय ओढत चालायची, आणि त्यांचे हात गार, घामाने ओले असायचे. तो ओलावा माझ्या लाकडात अजून मुरलेला आहे.

सरांचं मात्र सगळीकडे कौतुक. त्यांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. चित्रकलेच्या बाई तेवढ्या एकदा म्हणाल्या, "सर, ही शांतता नाही, भीती आहे."

"निकाल बघा ना," सर म्हणाले. निकाल चांगलाच लागायचा, त्यामुळे बाईंचं कोण ऐकतो?

पुढे वरून हुकूम आला, मुलांवर हात उगारायचा नाही. मला कपाटावर टाकलं. धूळ बसली, कोळ्याने जाळं विणलं. पण खरं सांगते, इतकी गाढ झोप मला कधी लागली नव्हती.

मग वर्गात गोंगाट वाढला, निकाल घसरला आणि पालकांची सभा भरली. एक वडील उठून म्हणाले, "आम्ही मार खाऊनच शिकलो. काय बिघडलं आमचं?" मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पट्टी नुसती धाकापुरती खिळ्यावर राहील. कोणाला मान्य आहे?" भराभर हात वर झाले. दारात मावशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांची लेक गप्प सरांच्याच वर्गात. पोरीने शिकावं, आपल्यासारखं फडकं तिच्या हाती येऊ नये, हाच त्यांना ध्यास. त्यांनी ट्रे एका हातावर तोलला आणि दुसरा हात वर केला.

धाकापुरती म्हणता म्हणता काल दुपारी व्हरांड्यात पावलं वाजली. ओढत येणारी, मला पाठ असलेली. दारात मावशींची लेक उभी राहिली.

"आई, सरांनी पट्टी मागितली आहे."

मुख्याध्यापिकांनी ऐकलं आणि समोरच्या कागदांत डोकं खुपसलं.

"काय केलंस तू?" मावशींनी विचारलं.

"हसले."

"कशाला?"

"आता आठवत नाही," पोरगी म्हणाली.

मावशींनी सवयीने मला काढलं, सवयीने पुसलं. 'जा बाळा' एवढंच म्हणाल्या. लेकीच्या हाती न देता त्या मला घेऊन स्वतःच चालू लागल्या.

वर्गात त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि तळहात पुढे केला. "सर, आधी माझ्या हातावर मारा. सभेत हाच हात वर केला होता मी."

सरांनी मला उचललं, मूठ आवळली, आणि मी चरकले. त्यांचाही हात गार होता, घामाने ओला. बराच वेळ त्यांनी मला तसंच धरून ठेवलं. मग खाली ठेवलं आणि म्हणाले, "घेऊन जा."

तुम्हाला वाटेल, सुटलो एकदाचे. पण मला कोणी मोडलं नाही. सभेचा ठराव तसाच आहे, म्हणून मावशींनीही मला पुन्हा खिळ्यावर अडकवलं. त्यांची लेक वाचली. पण प्रत्येक मुलाची आई काही शाळेत कामाला नसते.

जुन्या वस्तू आपलं गाऱ्हाणं सांगून झालं की म्हणतात, आम्हाला जपा. मित्रांनो, मला जपू नका. ऐका, व्हरांड्यात कोणीतरी येतंय, पाय ओढत. ते दारापर्यंत पोचायच्या आत मला मोडून टाका.