सव्वा अकराची नोंद

फ्रिज खटकन सुरू झाला आणि अपिलाच्या अर्जावर तिच्या पेनाचा ओरखडा उठला. सकाळचे आठ वाजले होते. स्वयंपाकघरात ती आणि जमिनीवर बाहुलीशी खेळणारी चार वर्षांची लेक, दोघीच.

सहा महिन्यांच्या रजेनंतर सोमवारी ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत पुन्हा रुजू झाली. साहेबांविरुद्धच्या तिच्या तक्रारीचा निकाल टेबलावर पडून होता: दोघं एकाच वेळी शीतगृहात असल्याचा पुरावा नाही. अपिलाची मुदत आज पाचपर्यंत.

काल नमुने ठेवायला ती शीतगृहापाशी गेली, पण आत पाऊल टाकवेना. दाराबाहेर टांगलेली नोंदवही तेवढी चाळत राहिली. आत शिरण्याआधी वेळ, तापमान आणि सही, बाहेर आल्यावर पुन्हा वेळ. तक्रारीतल्या त्या दिवशीच्या पानावर तिची नोंद: आत अकरा दहा, बाहेर अकरा पंचवीस. त्याखाली साहेबांचं टपोरं अक्षर: आत अकरा पंधरा, चार अंश, बाहेर अकरा सव्वीस.

‘चौकट रिकामी ठेवायची नाही,’ हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

तिनं पानाचा फोटो काढला; तिसऱ्या खेपेला कुठे नीट आला.

फोन वाजला. प्रयोगशाळेत बाटल्या धुणारी मावशी.

“झालं का गं लिहून?”

“झालं. पण मावशी, अर्ज द्यायला साहेबांच्या केबिनवरूनच जावं लागतं. काचेतून बघतील ते.”

“बघू दे की! मेला स्वतःच्याच अक्षरानं अडकलाय. शिंकला तरी नोंद करेल असला माणूस!”

ती हसली. “वहीच गायब केली तर?”

“म्हणून तर फोटो. दोन प्रती आण, पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. पाय लटपटले तर माझा हात धर. ओला असेल, चालवून घे.”

तिनं सही केली. नेहमीपेक्षा बारीक आली.

वळून बघते तर लेकीनं बाहुली फ्रिजमध्ये बसवलेली.

“अगं, काढ तिला! गारठेल ना.”

“ती कामावर गेलीय. तुझ्यासारखी.” लेक दाराची आतली बाजू चाचपत होती. “आई, इकडून कडीच नाही. तुमच्या मोठ्या फ्रिजला आहे?”

“आहे,” ती म्हणाली. त्या दिवशी त्या कडीवर दहा मिनिटं साहेबांचा हात होता.

“मग तू कशाला घाबरतेस गं?”